सबक्वेरी की जॉइन? आधी ओळी मोजा

मागच्या अंकात एसक्यूएलचे (डेटाबेसला क्वेरी म्हणजे प्रश्न विचारायची भाषा) प्रश्न पाठवा म्हटलं होतं आणि आलेली पत्रं उघडून बघते तर जो तो सबक्वेरी आणि जॉइनच्या भांडणात अडकलेला. म्हणून या वेळी फक्त तेवढंच घेतलंय. क्वेरीज इथे देवनागरीत छापल्यात, मशीनवर टाइप करताना नेहमीसारख्या इंग्रजीत करा, नाहीतर पुढचं पत्र सिंटॅक्स एररचं यायचं. अगदी नव्यानं सुरुवात केलेल्यांसाठी एवढंच सांगते की जॉइन म्हणजे दोन टेबलांच्या जुळणाऱ्या ओळी शेजारी-शेजारी लावून एक रुंद ओळ बनवणं, आणि सबक्वेरी म्हणजे क्वेरीच्या पोटात कंसात लिहिलेली दुसरी क्वेरी.

प्रश्न: ताई, आमच्या टीममध्ये नियमच आहे, कोड रिव्ह्यूत सबक्वेरी दिसली की परत पाठवायची आणि जॉइन करून आण म्हणायचं. कारण विचारलं तर “सबक्वेरी स्लो असते” एवढंच उत्तर मिळतं. हे खरंय का?

एकेकाळी खरं होतं, आणि तेही मुख्यतः एका डेटाबेसबद्दल. मायएसक्यूएलमध्ये ४.१ व्हर्जनच्या आधी, म्हणजे २००४ पर्यंत, सबक्वेरी लिहायची सोयच नव्हती, सगळ्यांना जॉइनवरच भागवावं लागायचं. मग ती आली खरी पण ५.५ पर्यंत तिची अवस्था वाईट होती. तुम्ही लिहिलंत

सिलेक्ट नाव फ्रॉम ग्राहक
व्हेअर आयडी इन (सिलेक्ट ग्राहक_आयडी फ्रॉम ऑर्डर्स)

तर कुणालाही वाटेल की आतली क्वेरी एकदा चालेल, यादी तयार होईल आणि त्या यादीत बघून बाहेरचं काम उरकेल. पण त्याचा ऑप्टिमायझर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा डेटाबेसचा भाग) ती इन-वाली क्वेरी आतून बदलून बाहेरच्या ओळीवर अवलंबून असलेली करून टाकायचा, एक्सप्लेनमध्ये (क्वेरी कशी चालणार तो प्लॅन दाखवणारी आज्ञा) “डिपेंडंट सबक्वेरी” असं दिसायचं, आणि मग ग्राहकांच्या टेबलात दहा लाख ओळी असतील तर आतला भाग दहा लाख वेळा. त्यात ग्राहक_आयडीवर इंडेक्स (ओळ पटकन सापडावी म्हणून ठेवलेली सूची) नसेल तर संपलंच. त्या काळात ज्यांनी हात पोळून घेतले त्यांनी “सबक्वेरी नको” हा नियम केला, आणि तेव्हा तो बरोबरच होता.

नंतर मारियाडीबी ५.३ मध्ये २०१२ साली आणि मायएसक्यूएल ५.६ मध्ये २०१३ साली सेमी-जॉइन आणि मटेरियलायझेशन (आतल्या क्वेरीचं उत्तर एकदाच काढून ठेवणं) आलं. सेमी-जॉइन म्हणजे डेटाबेस स्वतःच तुमच्या इन-चा जॉइन करतो, पण असा की पहिली जुळणारी ओळ सापडली की पुढे शोधत बसत नाही. पोस्टग्रेसक्यूएल तर त्याच्याही पुढे होतं, २००३ च्या ७.४ पासून इन-साठी हॅश (किंमत चटकन शोधता येईल असा तक्ता) वापरायला लागलं आणि २००९ च्या ८.४ मध्ये सेमी-जॉइन आणि अँटी-जॉइन (न जुळणाऱ्या ओळीच ठेवणारा) रीतसर आले. म्हणजे तुमच्या टीमचा नियम ज्या व्हर्जनसाठी केला ते व्हर्जन कधीच मागे पडलं, नियम मात्र अजून जागच्या जागी आहे.

आणि सबक्वेरी ही काही भाषेत मागाहून घुसलेली गोष्ट नाहीये. १९७४ साली आयबीएमच्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी सीक्वेल मांडली तेव्हापासून क्वेरीत क्वेरी आहे. उलट जॉइन हा कीवर्ड स्टँडर्डमध्ये आला १९९२ ला, त्याआधी फ्रॉममध्ये स्वल्पविराम देऊन टेबलं लिहायची आणि अटी सगळ्या व्हेअरमध्ये.

तरी सीनियर मंडळींना अगदीच खोडून काढू नका, काही जागी त्यांची भीती अजून रास्त आहे. मायएसक्यूएलमध्ये एकाच टेबलावरच्या अपडेट आणि डिलीटमधल्या सबक्वेरीला हा सेमी-जॉइनचा फायदा ८.०.२१ पासूनच मिळायला लागला, आणि त्यातही क्वेरीला ऑर्डर बाय किंवा लिमिट लावलं की नाही मिळत. पोस्टग्रेसमध्ये सिलेक्टच्या यादीत लिहिलेली, बाहेरच्या ओळीवर अवलंबून असलेली सबक्वेरी अजूनही प्रत्येक ओळीसाठी वेगळी चालते, पन्नास ओळींचं पान दाखवायचं असेल तर काही बिघडत नाही पण पन्नास लाख ओळींचा रिपोर्ट काढायचा असेल तर नको. तेव्हा रिव्ह्यूत विचारायचा प्रश्न “प्लॅन दाखव” हा असावा. दोन्ही पद्धतीनं लिहून एक्सप्लेन चालवून बघा, बऱ्याचदा दोन्हींचा प्लॅन जवळपास सारखाच निघतो आणि मग वाद घालायला काही उरतच नाही.

प्रश्न: रिव्ह्यूमध्ये सांगितलं म्हणून इन काढून जॉइन केला, क्वेरी फास्ट झाली पण रिपोर्टमधले आकडे वाढले! तेच ग्राहक दोन-दोन तीन-तीनदा येतायत. डिस्टिंक्ट टाकलं तर बरोबर दिसतं. चालेल ना?

नाही चालणार, आणि का ते नीट बघूया कारण माझ्या मते या सगळ्या विषयाचं मूळ इथेच आहे. स्पीडचा प्रश्न नंतरचा. सबक्वेरी आणि जॉइन हे एकच प्रश्न विचारायचे दोन प्रकार आहेत असं समजून लोक एकाच्या जागी दुसरं टाकतात, पण ते प्रश्नच वेगळे आहेत.

समजा ग्राहक तीन, आयडी १, २, ३. पहिल्याच्या तीन ऑर्डर्स, दुसऱ्याची एक, तिसऱ्याची एकही नाही. वरच्या प्रश्नातली इन-वाली क्वेरी चालवा, दोन ओळी येतील, कारण तुम्ही विचारलंय “असे कोणते ग्राहक ज्यांची ऑर्डर आहे”. आता हे बघा

सिलेक्ट ग.नाव फ्रॉम ग्राहक ग
जॉइन ऑर्डर्स ऑ ऑन ऑ.ग्राहक_आयडी = ग.आयडी

यात चार ओळी येतात, कारण विचारलंय “प्रत्येक ऑर्डरसाठी तिच्या ग्राहकाचं नाव दे”. डेटाबेसनं काहीच चुकवलेलं नाही, प्रश्न बदलला म्हणून उत्तर बदललं. आता तुम्ही त्यावर डिस्टिंक्ट लावलंत, चाराच्या दोन झाल्या, दिसायला बरोबर. पण ज्या दिवशी एकाच नावाचे दोन ग्राहक येतील त्या दिवशी ते दोघं मिळून एक होणार, आणि हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. आयडीसकट डिस्टिंक्ट घेतलं तर हे टळतं, पण मग आधी सगळ्या ऑर्डर्स जोडून लाखो ओळी बनवायच्या आणि नंतर त्या निवडून टाकायच्या हा उद्योग कशाला? इन किंवा एक्झिस्ट्सनं (आत जुळणारी ओळ आहे का एवढंच बघणारं) ते काम मुळातच नीट होत होतं की. डिस्टिंक्ट दिसलं की मी तर पहिल्यांदा हेच शोधते, कुठल्या जॉइननं ओळी वाढवल्या आणि ते झाकायला हे पांघरूण घातलंय.

हे नावांपुरतं झालं. बेरजेत गेलात की यापेक्षा वाईट. ऑर्डर १०१ घ्या, तिच्यात वस्तू तीन प्रकारच्या, म्हणजे वस्तू टेबलात तीन ओळी. तिचे पैसे दोन हप्त्यांत आले, २०० आणि ३००, म्हणजे जमा टेबलात दोन ओळी. आता ऑर्डर्सला वस्तू जोडलं आणि त्यालाच जमा जोडलं तर तीन गुणिले दोन अशा सहा ओळी होतात, आणि सम(जमा.रक्कम) काढलंत की ५०० च्या जागी १५०० येतात. वस्तूंचे नग पण दुप्पट झालेले असतात पण तिकडे कुणी बघत नाही. मग कुणीतरी हुशार सम(डिस्टिंक्ट रक्कम) करतं, आजच्या ऑर्डरला बरोबर येतं, उद्या हप्ते २५० आणि २५० आले की एकूण २५०!

याला उपाय आधी बेरीज करून घ्यायची, मग जोडायचं (लेफ्ट जॉइन म्हणजे उजवीकडे काही जुळलं नाही तरी डावीकडची ओळ ठेवणारा जॉइन):

सिलेक्ट ऑ.आयडी, व.एकूण_नग, ज.एकूण_जमा
फ्रॉम ऑर्डर्स ऑ
लेफ्ट जॉइन (सिलेक्ट ऑर्डर_आयडी, सम(नग) ॲज एकूण_नग
  फ्रॉम वस्तू ग्रुप बाय ऑर्डर_आयडी) व
  ऑन व.ऑर्डर_आयडी = ऑ.आयडी
लेफ्ट जॉइन (सिलेक्ट ऑर्डर_आयडी, सम(रक्कम) ॲज एकूण_जमा
  फ्रॉम जमा ग्रुप बाय ऑर्डर_आयडी) ज
  ऑन ज.ऑर्डर_आयडी = ऑ.आयडी

आता व आणि ज दोघांतही प्रत्येक ऑर्डरची एकच ओळ आहे त्यामुळे वाढायला काही जागाच नाही. आणि बघा, यात सबक्वेरी पण आहे आणि जॉइन पण आहे. कंसातला भाग फ्रॉममध्ये बसलेली सबक्वेरीच आहे, डिराइव्ह्ड टेबल म्हणतात तिला. तुमच्या रिव्ह्यूवाल्यांना हीसुद्धा चालणार नसेल तर त्यांनीच सांगावं कसं करायचं ते.

प्रत्येक जॉइन लिहिताना स्वतःला एकच विचारायचं, डाव्या बाजूच्या एका ओळीला उजवीकडे किती जुळणार? ऑर्डर्सकडून ग्राहकाकडे गेलात आणि तिकडे आयडी प्रायमरी की (प्रत्येक ओळीला वेगळी आणि कधीच रिकामी नसलेली ओळख) असेल तर फार तर एक, म्हणजे बिनधास्त जोडा. ग्राहकाकडून ऑर्डर्सकडे निघालात तर कितीही. दुसऱ्या टेबलातले कॉलम उत्तरात दाखवायचे असतील तर जॉइन लागणारच, नुसतं “आहे का नाही” एवढंच हवं असेल तर एक्झिस्ट्स किंवा इन.

प्रश्न: ज्यांनी एकदाही ऑर्डर केली नाही असे ग्राहक काढायचेत. नॉट इन लावलं. टेस्ट डेटावर मस्त चाललं, खऱ्या डेटावर शून्य ओळी. असे ग्राहक आहेत हे मी डोळ्यांनी बघितलंय!

ऑर्डर्समध्ये कुठेतरी ग्राहक_आयडी नल आहे. पैज लावा. लॉगिन न करता केलेली एखादी ऑर्डर असेल, एकच पुरते.

नॉट इन (१, २, नल) याचा अर्थ डेटाबेस असा उलगडतो: आयडी १ नाही, आणि २ नाही, आणि नल नाही. आता ३ नंबरचा ग्राहक घ्या. ३ हा १ नाही, खरं. ३ हा २ नाही, खरं. ३ हा नल नाही? नल म्हणजे “माहीत नाही”, तर माहीत नसलेल्या गोष्टीशी तुलना केल्यावर उत्तरही “माहीत नाही” असंच येणार. खरं आणि खरं आणि माहीत नाही, एकूण माहीत नाही. व्हेअर फक्त “खरं” आलेल्या ओळी ठेवतो त्यामुळे ३ गेला, आणि १, २ तर आधीच खोटे ठरलेत, म्हणून एकही ओळ नाही. एररही नाही, वॉर्निंगही नाही, कोरं उत्तर.

असं लिहा:

सिलेक्ट ग.नाव फ्रॉम ग्राहक ग
व्हेअर नॉट एक्झिस्ट्स (सिलेक्ट १ फ्रॉम ऑर्डर्स ऑ
  व्हेअर ऑ.ग्राहक_आयडी = ग.आयडी)

एक्झिस्ट्स फक्त “ओळ सापडली का” एवढंच बघतो, नलवाली ओळ जुळतच नाही त्यामुळे ती आडवी येत नाही. आतमध्ये व्हेअर ग्राहक_आयडी इज नॉट नल टाकून नॉट इन पण वाचवता येतं, पण हे दर वेळी लक्षात ठेवण्यापेक्षा नॉट एक्झिस्ट्सची सवय लावलेली बरी. प्लॅनच्या बाजूनंही तेच सोयीचं. पोस्टग्रेस नॉट एक्झिस्ट्सचा सरळ अँटी-जॉइन करतं, नॉट इनला मात्र वर्षानुवर्षं वेगळी वागणूक मिळालीय, आतली यादी वर्क_मेममध्ये मावली (अशा कामासाठी ठेवलेली मेमरी, डिफॉल्ट ४ एमबी) तर हॅश करून पटकन होतं आणि नाही मावली तर प्रत्येक ओळीसाठी ती यादी पुन्हा चाळत बसतं. म्हणजे काल चार सेकंदांत होणारी क्वेरी डेटा थोडा वाढल्यावर आज संपतच नाही असं होऊ शकतं. ओरॅकलनं ११जी मध्ये नलचं भान ठेवणारा अँटी-जॉइन आणला, क्वेरी फास्ट होते, पण नल असेल तर उत्तर तिथेही कोरंच, ते नियमातच आहे.

तिसरा रस्ता म्हणजे लेफ्ट जॉइन करून व्हेअर ऑ.आयडी इज नल. हा पण बरोबर आहे, फक्त नलची तपासणी अशा कॉलमवर करा जो स्वतः कधी नल नसतो, प्रायमरी की सगळ्यात उत्तम. कुणी ऑ.शेरा इज नल असं काही लिहिलं की ज्यांच्या ऑर्डरला शेरा दिला नाही ते पण “ऑर्डर न केलेले” मध्ये जमा.

प्रश्न: ताई मी शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टमध्ये एक डिलीट चालवलं आणि ऑर्डर्सचं सगळं टेबल रिकामं झालं. क्वेरी खाली देतोय. यात काय चूक आहे तेच कळत नाहीये, एरर पण आली नाही.

डिलीट फ्रॉम ऑर्डर्स व्हेअर ग्राहक_आयडी इन (सिलेक्ट ग्राहक_आयडी फ्रॉम जुने_ग्राहक)

अरे, तू टेबलाची रचना पण पाठवलीस ते बरं केलंस, कारण उत्तर तिथेच आहे. जुने_ग्राहक मध्ये ग्राहक_आयडी नावाचा कॉलमच नाहीये, तिथे त्याचं नाव नुसतं आयडी आहे. कंसातली क्वेरी एकटी चालवून बघ, “असा कॉलम नाही” म्हणून एरर येईल. मग पूर्ण क्वेरीत का नाही आली?

कारण सबक्वेरीला बाहेरच्या क्वेरीतले कॉलम दिसतात. आत नाव सापडलं नाही की डेटाबेस एक पायरी बाहेर येऊन शोधतो, आणि बाहेर ऑर्डर्समध्ये ग्राहक_आयडी आहेच. म्हणजे तुझ्या क्वेरीचा खरा अर्थ झाला “ज्या ऑर्डरचा ग्राहक_आयडी तिच्याच ग्राहक_आयडीइतका आहे ती उडव”. जुने_ग्राहक मध्ये एक जरी ओळ असली तरी ही अट नल सोडून प्रत्येक ऑर्डरला खरी होते. हा बग नाही, स्टँडर्डमध्येच असं आहे, आणि याच सोयीवर तर वरचं नॉट एक्झिस्ट्स चालतं, तिथे आतून ग.आयडी वापरला ना आपण, अगदी तेच.

यावर उपाय इतका साधा आहे की लोक कंटाळा करतात. सबक्वेरीतल्या प्रत्येक कॉलमच्या आधी टेबलाचं छोटं नाव लाव. सिलेक्ट ज.ग्राहक_आयडी फ्रॉम जुने_ग्राहक ज असं लिहिलं असतंस तर तिथल्या तिथे एरर येऊन वाचला असतास. जॉइनमध्ये दोन्ही टेबलांत तेच नाव असलं की डेटाबेस “ॲम्बिग्युअस” म्हणून ओरडतो, पण इथे तो गप्प बसतो, एवढ्याबाबतीत जॉइन जास्त प्रामाणिक आहे म्हणायचं. आणि डिलीटच्या आधी तीच अट घालून सिलेक्ट काउंट(*) चालवायचं, आकडा बघायचा, मग बिगिन करून डिलीट, किती ओळी गेल्या ते बघून कमिट (पक्कं करायचं) नाहीतर रोलबॅक (मागे फिरवायचं). प्रोजेक्टवर बॅकअप होता म्हणालास, ठीक आहे.

जाता जाता, मायएसक्यूएलमध्ये ज्या टेबलातून डिलीट करतोय त्याच टेबलावर व्हेअरमध्ये सबक्वेरी लिहिलीस तर एरर १०९३ येते. तिथे सबक्वेरीला आणखी एका कंसात गुंडाळून डिराइव्ह्ड टेबल करतात, किंवा जॉइन लावून डिलीट करतात. मला जॉइनवालं जास्त वाचनीय वाटतं.

प्रश्न: प्रत्येक ग्राहकाची सगळ्यात शेवटची ऑर्डर काढायचीय. नेटवर पाच पद्धती सापडल्या, कुठली वापरू?

पाचही चालतात, पण सगळ्यांचं उत्तर एकसारखं नसतं ही मेख आहे. जुनी पद्धत म्हणजे व्हेअर ऑ.तारीख = (सिलेक्ट मॅक्स(तारीख)...) अशी बाहेरच्या ओळीला बांधलेली सबक्वेरी, किंवा तेच मॅक्स ग्रुप बाय करून डिराइव्ह्ड टेबल बनवून जॉइन. दोन्हींत एकाच तारखेला दोन ऑर्डर्स असल्या तर दोन्ही येणार. तुम्हाला “एक ग्राहक एक ओळ” हवी असेल तर हे चुकलं, दोन्ही हव्या असतील तर हेच बरोबर. आधी हे ठरवा मग पद्धत निवडा.

नक्की एकच हवी असेल तर मी हे लिहिते:

सिलेक्ट * फ्रॉम (
  सिलेक्ट ऑ.*, रो_नंबर() ओव्हर (
    पार्टिशन बाय ऑ.ग्राहक_आयडी
    ऑर्डर बाय ऑ.तारीख डेस्क, ऑ.आयडी डेस्क) ॲज क्रम
  फ्रॉम ऑर्डर्स ऑ
) ट
व्हेअर ट.क्रम = १

तो शेवटचा आयडी डेस्क विसरू नका, तारीख सारखी आली की निकाल त्यावर लागतो, नाहीतर आज एक ओळ येईल उद्या दुसरी. रो_नंबरसारखी विंडो फंक्शन्स पोस्टग्रेसमध्ये २००९ पासून आहेत, मायएसक्यूएल ८.० आणि एसक्यूलाइट ३.२५ मध्ये २०१८ पासून, त्यामुळे आता न वापरायला काही कारण नाही.

फक्त ही पद्धत सगळ्या ऑर्डर्स वाचते. ग्राहक शे-दोनशे आणि प्रत्येकाच्या लाखो ऑर्डर्स असा प्रकार असेल तर लॅटरल बघा, पोस्टग्रेस ९.३ पासून आणि मायएसक्यूएल ८.०.१४ पासून आहे, एसक्यूएल सर्व्हरमध्ये क्रॉस अप्लाय नावानं २००५ पासूनच. त्यात प्रत्येक ग्राहकासाठी ऑर्डर बाय तारीख डेस्क लिमिट १ असली छोटी क्वेरी चालते, आणि (ग्राहक_आयडी, तारीख) असा जोड इंडेक्स असेल तर ती थेट इंडेक्सच्या टोकाला जाऊन एक ओळ उचलते. म्हणजे ज्या “प्रत्येक ओळीसाठी वेगळी सबक्वेरी” या प्रकाराला सगळे घाबरतात तोच इथे सगळ्यात फास्ट निघतो! बाहेर ओळी कमी आणि आत इंडेक्स, एवढं जमलं पाहिजे.

प्रश्न: ग्राहकागणिक ऑर्डर्सची संख्या हवीय, शून्य असेल तर शून्य दिसलं पाहिजे. लेफ्ट जॉइन करून काउंट(*) केलं तर शून्यवाल्यांना १ येतंय.

काउंट(*) ओळी मोजतं आणि लेफ्ट जॉइननं त्या ग्राहकासाठी नलनी भरलेली एक ओळ ठेवलेली असते, म्हणून १. काउंट(ऑ.आयडी) करा, नल मोजला जात नाही, शून्य येईल. आणि “फक्त या वर्षीच्या ऑर्डर्स” अशी अट असेल तर ती ऑनमध्ये घाला, व्हेअरमध्ये घातलीत की नलवाल्या ओळी गळतात आणि लेफ्ट जॉइन नुसता नावाला उरतो.

वाईट वाटून घेऊ नका, या शून्यानं भल्याभल्यांना चकवलंय. १९८२ साली वॉन किम यांनी नेस्टेड क्वेरीचं जॉइनमध्ये रूपांतर कसं करायचं याचे नियम एका गाजलेल्या पेपरमध्ये मांडले, आणि नंतर लोकांच्या लक्षात आलं की आत काउंट असेल तर शून्यवाल्या ओळी त्या रूपांतरात गायब होतात. “काउंट बग” म्हणून तो प्रसिद्ध आहे. दुरुस्तीत आउटर जॉइन वापरावा लागला, म्हणजे तुम्ही करताय तेच.

प्रश्न: सिलेक्टच्या यादीत एक सबक्वेरी होती, महिनोन्महिने नीट चालली आणि आज अचानक “सबक्वेरी रिटर्न्स मोअर दॅन १ रो” अशी एरर. कोड कुणी बदललेला नाही.

कोड नाही, डेटा बदलला. अशा जागी सबक्वेरीनं एकच किंमत द्यायची असते, आज पहिल्यांदा दोन जुळल्या. मायएसक्यूएलची ही एरर १२४२, पोस्टग्रेसही असंच म्हणतं. घाईघाईत लिमिट १ लावून गप्प करू नका, दोनातली कुठली यायची ते कोण ठरवणार? जिथे एकच असायला हवी होती तिथे युनिक कन्स्ट्रेंट (तीच किंमत दुसऱ्यांदा येऊ न देणारा नियम) नाही हा खरा घोळ आहे, तो निस्तरा. एसक्यूलाइट तर एररही देत नाही, पहिली सापडेल ती ओळ घेऊन मोकळं होतं. आणि जॉइन असता तर? ओळ गुपचूप दुप्पट झाली असती. तिन्हींत मला एरर देणारीच बरी वाटते.

प्रश्न: एक्झिस्ट्समध्ये सिलेक्ट १ लिहायचं की सिलेक्ट *? आणि विथ वापरलं तर फास्ट होतं का?

१ लिहा, * लिहा, काही फरक नाही, एक्झिस्ट्स त्या यादीकडे बघतच नाही. विथ हे वाचायला सोपं पडावं म्हणून, सबक्वेरीला नाव देऊन वर काढून ठेवायची, बस. पोस्टग्रेस १२ च्या आधी, म्हणजे २०१९ पर्यंत, विथमधला भाग नेहमी वेगळा पूर्ण काढून ठेवला जायचा आणि बाहेरची अट आत पोचायची नाही, त्यामुळे कधीकधी उलट स्लो व्हायचं. आता एकदाच वापरलेला साधा भाग मुख्य क्वेरीत मिसळला जातो, आणि जुनं वागणं हवं असेल तर मटेरियलाइज्ड असं लिहायचं.

प्रश्न: तुम्ही सारखं “प्लॅन बघा” म्हणता, पण त्यात नेमकं काय बघायचं?

पोस्टग्रेसचं धरून सांगते. एक्सप्लेन नुसता अंदाज देतं, एक्सप्लेन ॲनालाइझ क्वेरी खरोखर चालवून मोजतं, त्यामुळे डिलीट किंवा अपडेटवर चालवायचं असेल तर बिगिन आणि रोलबॅकच्या मध्येच, नाहीतर बघता बघता डेटा जायचा. मायएसक्यूएलमध्ये एक्सप्लेन ॲनालाइझ ८.०.१८ पासून आहे.

आधी “सेमी जॉइन” किंवा “अँटी जॉइन” हे शब्द शोधा, ते दिसले म्हणजे तुमच्या सबक्वेरीचा जॉइन झालाय आणि स्वतः पुन्हा लिहीत बसायची गरज नाही. “सबप्लॅन” दिसला तर तसं झालेलं नाही, तिथे थांबून बघा, त्यातही “हॅश्ड” लिहिलं असेल तर बहुतेक ठीक चाललंय. मग प्रत्येक पायरीवर अंदाजे ओळी आणि खऱ्या ओळी शेजारी ठेवून बघा, अंदाज १० आणि खऱ्या २ लाख असं काही दिसलं तर प्लॅनर चुकीच्या माहितीवर निर्णय घेतोय, एकदा ॲनालाइझ चालवून आकडेवारी ताजी करा आणि मगच क्वेरीला हात लावा. जॉइनच्या पायरीनंतर ओळी अचानक फुगल्या असतील तर दुसऱ्या प्रश्नातला घोळ तुमच्याकडेही आहे.

आणि “लूप्स” वाचायला विसरू नका. तिथे दाखवलेला वेळ एका फेरीचा सरासरी असतो, ०.०५ मिलिसेकंद बघून लोक खूश होतात आणि बाजूला लूप्स १० लाख लिहिलेलं असतं. गुणाकार केलात तर पन्नास सेकंद तिथेच गेलेत.